भरल्याक वाट

सोमवार, ३ नोव्हेंबर २०२५

डिचोलीच्या ट्रकवाल्यांनो, ही वही तुमच्यापैकी कुणी वाचणार नाही. तरी सुरुवात तुमच्यापासूनच करतो, कारण एकट्यापुरतं बोलायची सवय माझ्या तोंडाला कधी लागलीच नाही. आपलं सगळ्यांचं दुखणं एक आहे. आपण लाल माती वाहिली, ती नाकातोंडात भरून घेतली, आणि खाण बंद झाली तेव्हा एकानेही विचारलं नाही की बाबांनो, आता तुम्ही कुठे जाणार? गाड्या अंगणात उभ्या राहिल्या. हौद्यांत गवत उगवलं. आणि आज त्याच खड्ड्यात शहरातली माणसं घाबरण्याची मजा घ्यायला येणार आहेत.

पार्कचं नाव 'रानवाट'. पाच जुने टिपर घेऊन त्यांच्यावर वाघाचे पट्टे रंगवले आहेत. जिथे माती भरायची त्या हौद्यात खुर्च्या बसवल्या आहेत. खाणीच्या सात पायऱ्या उतरत गाडी तळाच्या हिरव्या पाण्यापर्यंत जाते आणि त्याच वाटेने वर येते. दुसऱ्या पायरीवर झुडपातून लोखंडी गवा धडक मारतो. तिसरीवर कड्यावरून यंत्राचा वाघ टपावर पडतो. चौथ्या वळणावर ब्रेक गेल्याचं सोंग: गाडी सुटते, हौदा उचलला जातो, माणसं कड्याकडे कलंडतात.

मला निवेदक म्हणून घेतलं आहे. एकोणसाठाव्या वर्षी. मॅनेजर सुधीर बेळगावचा, शिकलेला माणूस. म्हणाला, "शिवदासभाऊ, ट्रकवाल्यांच्या संघटनेच्या सभेत तुम्ही बोलायचात तसं बोला. लोक थरथरले पाहिजेत."

माझ्या भाच्याला, रुद्रेशला, ड्रायव्हर म्हणून मीच चिकटवला. सात वर्षांनी त्याच्या हातात स्टिअरिंग आलं. बहीण रडली.

रविवार, ९ नोव्हेंबर

उद्घाटन झालं. नारळ ठेवून गाऱ्हाणं मीच घातलं. सातेरी देवी, राखणदार, खाणीत गाडले गेलेले सगळे, सर्वांना हाक मारली. ड्रायव्हरांनी "व्हय म्हाराजा!" म्हटलं तसं कड्यावरून परत आलं. पर्यटकांना वाटलं हाही कार्यक्रमाचाच भाग.

पहिल्या फेरीला रुद्रेशच्या हौद्यात पुढच्या खुर्चीवर पट्टा बांधून बसलो, हातात माईक. वाघ पडला तेव्हा एका बाईने माझ्या दंडात नखं रुतवली. रक्त आलं. चौथ्या वळणावर मी ओरडलो, "ब्रेक गेला! देवाचं नाव घ्या!" एकवीस माणसं एकदम किंचाळली. सभेतल्या टाळ्या मला माहीत आहेत. किंचाळी ही त्याहून मोठी दाद आहे, कारण ती कुणाला खोटी देता येत नाही.

एकच गोष्ट खटकली. चौथ्या वळणाआधी रस्ता जरा रुंद आहे. तिथे उतरणाऱ्या गाडीने थांबायचं आणि खालून चढणारी गाडी गेली की पुढे सुटायचं, असा सुधीरचा नियम. म्हणजे वाघ पडून गेलेला, लोक तापलेले, आणि नेमकी तिथे चार मिनिटं उन्हात उभी गाडी! मी तरी किती बोलणार? माणसं पाण्याच्या बाटल्या काढतात. घोरपड दाखवा म्हणतात.

शनिवार, १५ नोव्हेंबर

आज गव्याचं शिंग जरा जास्त पुढे आलं. कडेला बसलेल्या एका तरुणाचं कपाळ भुवईपासून केसापर्यंत फाटलं. रक्त डोळ्यात, शर्टावर, शेजारणीच्या मांडीवर. बाकीचे काय करत होते? टाळ्या वाजवत होते. त्यांना वाटलं रंग आहे. स्वतः तो मुलगा हसत होता, हाताला ओलं लागेपर्यंत.

मी माईक खाली ठेवला नाही. "गव्याने आज नैवेद्य घेतला!" म्हणालो. पुढच्या दोन फेऱ्या भरून गेल्या.

रोमच्या राजांबद्दल मी पुष्कळ वाचलं आहे. भाकरीबरोबर रिंगणातलं रक्त द्या, लोक शांत राहतात. तरुणपणी मी ह्यावर तासभर बोलायचो, मुठी आवळून. आज वाटलं, रिंगणात बोलणारा माणूसही कुणी असेलच की! त्याच्याबद्दल कुणी लिहून ठेवलेलं नाही.

शुक्रवार, २१ नोव्हेंबर

आज शेडमध्ये नऊही ड्रायव्हरांसमोर बोललो. बऱ्याच दिवसांनी मनासारखं बोललो.

खाणीवरचा आपला कायदा सगळ्यांना ठाऊक आहे: भरल्याक वाट. भरलेली गाडी थांबत नाही, रिकामी बाजूला होते. वळणावर भरलेल्याने दोन लांब हॉर्न द्यायचे. रिकाम्याने एक आखूड देऊन अंग चोरायचं. कुठल्या कागदावर हे लिहिलेलं नव्हतं, पण ते मोडणाऱ्याला आम्ही गाडीतून ओढून झोडला आहे.

खड्ड्यात उतरणारी गाडी तेव्हा रिकामी असायची, म्हणून ती थांबायची. मी विचारलं, आज उतरणारी गाडी रिकामी आहे का? तिच्यात एकवीस जीव आहेत! माती घेऊन जाताना तुम्ही कुणापुढे थांबला नाहीत, आणि माणसं घेऊन जाताना थांबता? रस्त्याच्या कडेला, नोकरासारखे? बेळगावच्या मॅनेजरने आखलेल्या पांढऱ्या रेघेवर?

"व्हय म्हाराजा!" रुद्रेश ओरडला. मग सगळेच हसत ओरडले.

एकजण तेवढा गप्प होता. केरबा. चंदगडकडचा, पंचेचाळिशीतला. त्याने पूर्वी आमच्याच खाणीवर दुसऱ्याची गाडी चालवली आहे. बायको हौसा पार्कच्या कँटीनमध्ये भाकऱ्या थापते. तो म्हणाला, "भाऊ, पर खालनं चढणारी पण भरल्यालीच की. मग दोघांनी दोन-दोन हॉर्न मारलं तर?"

"तर ज्याच्यात दम आसा तो जातलो," रुद्रेश म्हणाला. टाळी मिळाली.

केरबाच्या प्रश्नाला उत्तर द्यायचं राहून गेलं. ते फार अवघड नव्हतं.

सोमवार, २४ नोव्हेंबर

रुद्रेश आता थांबत नाही. वाघ, लगेच सुटलेली गाडी, लगेच हौदा वर. माझं बोलणं एका दमात खाली जातं. खालून केरबा येत असला तर दोन लांब हॉर्न ऐकताच गाडी मागे घेतो, पार पाचव्या पायरीच्या कोपऱ्यापर्यंत. भरलेला टिपर, एका बाजूला कडा, आरशात बघून मागे. त्या रिव्हर्सची पीं-पीं-पीं शिट्टी मात्र माझ्या वाक्यांत घुसते. त्याला म्हटलं, ती वायर काढून टाक. म्हणाला, "न्हाई भाऊ, मागं कोन उभा असंल तर त्याला कळाया पायजे."

शुक्रवार, २८ नोव्हेंबर

म्हापशाला बाजाराला गेलो होतो. मिरच्यावाल्या बाईने ओळखलं. "तुमी ते वाघाचे न्हय?" एवढी वर्षं संघटनेचा शिवदास होतो, आता वाघाचा झालो. गंगाला सांगितलं तर म्हणाली, "हळू बोला. हंयसर माईक नाय." ती कोरगावची. त्यांच्याकडे नवऱ्याचं कौतुक असंच करतात.

गुरुवार, ४ डिसेंबर

आज मजा झाली. केरबा मागे जात होता आणि त्याच्या हौद्यातले पर्यटक आमच्याकडे बघत होते. मी माईकवर म्हणालो, "बघा मंडळी, घाटावरचे पाहुणे! ह्यांच्या गाडीला पुढचे गियर कंपनीने दिलेलेच नाहीत!" दोन्ही गाड्या हसल्या. केरबाची माणसंही त्यालाच हसली. एकाने त्याच्या केबिनच्या टपावर बाटली आपटली, "अरे, आगे चल ना!"

संध्याकाळी शेडमध्ये तो समोर आला.

"भाऊ, माझ्या गाडीतल्या मान्सांसमोर बोलू नगा."

"मग मागे येऊ नको."

"खाली पानी हाय. दोघांतल्या एकानं तर शानं व्हायाला पायजे."

"शहाणपण आणि भित्रेपण ह्यांत फरक असतो, केरबा. इतिहास वाच."

रुद्रेशने मागून त्याची टोपी उडवली. केरबाने वळून त्याची कॉलर धरली, आणि मी मध्ये पडून केरबाच्या थोबाडीत मारली. जोरात बसली. ओठ फुटला. मी वडीलधारा आहे. भांडण तोडायचं तर कुणाला तरी मारावं लागतं.

केरबाने ओठ पुसला आणि टोपी उचलली. "बरं," एवढंच म्हणाला.

शनिवार, ६ डिसेंबर

कँटीनमध्ये हौसाने माझ्या ताटात भाकरी वाढली आणि तिथेच उभी राहिली.

"दोन दिस झालं, ह्ये घरात मान वर करून जेवत न्हाईत."

"मान खाली घालायला मी नाही सांगितलं, बाई. उलट वर करायला सांगतो आहे."

"तुमचं बोलनं लई चांगलं असतंय, भाऊ. ऐकनाऱ्याला घरी जाऊन जगावं लागतंय."

पुष्कळ विचार केला ह्या वाक्यावर. तिला बोलता चांगलं येतं. शिकली असती तर वक्ता झाली असती.

मंगळवार, ९ डिसेंबर

सकाळी चहाच्या वेळी केरबा सगळ्यांसमोर म्हणाला, "आजपास्नं मी गाडी मागं घ्यायचो न्हाई. माझी बी भरल्याली हाय." कुणी शिट्टी मारली. मी उठून त्याच्याशी हात मिळवला. मनापासून. वीस वर्षं मी सभांमधून हेच करत आलो: वाकलेला माणूस सरळ उभा करायचा. तो घाटावरचा असो की इथला.

रुद्रेश म्हणाला, "मामा, आता खरी मजा येतली."

देवाची कृपा, आज ते दोघे वळणावर समोरासमोर आलेच नाहीत.

शुक्रवार, १२ डिसेंबर

सुधीरने मला बोलावलं. पांढऱ्या रेघेवर गाड्या थांबत नाहीत अशी तक्रार आहे म्हणाला. मी सांगितलं, तक्रार करणाऱ्याचं नाव सांगा. रविवारच्या सगळ्या फेऱ्या भरल्या आहेत का, ते मग त्यानेच मला विचारलं. भरल्या आहेत.

रविवार, १४ डिसेंबर

रुद्रेश गेला.

सोमवार, १५ डिसेंबर

लिहू नये असं वाटतं. पण लिहिणार. ज्याने पाहिलं त्याने लिहायचं असतं.

तिसरी फेरी, अकरा वाजून गेले होते. वाघ पडला. रुद्रेशने गाडी सोडली आणि हौदा उचलला. मी "ब्रेक गेला!" म्हटलं, किंचाळी उठली. वळणाखालून दोन लांब हॉर्न आले. रुद्रेशने दोन लांब दिले. पुन्हा खालून दोन. पुन्हा आमचे दोन. मग वळण आलं आणि समोर केरबाचा टिपर, पट्ट्यांसकट, सगळा रस्ता भरून.

रुद्रेशने ब्रेक दाबला तेव्हा हौदा वरच होता. मागचं वजन पुढे आलं. आमचा बंपर त्याच्या बंपरला लागून घसरला, गाडी कड्याच्या भिंतीवर गेली आणि कुशीवर आडवी झाली. लोखंडाने दगड खरवडल्याचा आवाज माझ्या दातांत अजून आहे. माणसं हौद्यातून माती ओतावी तशी ओतली गेली. कोल्हापूरहून आलेल्या एक निवृत्त शिक्षिका, पांढऱ्या केसांच्या, दगडावर डोकं आपटून पडल्या. डोळे उघडे. एकाचं मनगट खुर्चीच्या दांडीत उलटं वळलेलं, हाड बाहेर. मी पट्ट्याला लोंबकळत होतो.

आणि केरबाच्या गाडीतली माणसं टाळ्या वाजवत होती. एकाने शिट्टी मारली. "वन्स मोअर!"

रुद्रेश केबिनमध्ये होता. दरवाजा आणि दगड ह्यांच्यामध्ये. स्टिअरिंग छातीत घुसलं होतं. तोंडातून येत होते ते रक्ताचे बुडबुडे. माझ्याकडे बघून त्याने ओठ हलवले. शब्द आला नाही. मी त्याचा हात धरला, तो गरम होता, आणि मग तो नुसता हात राहिला.

माईक गळ्यातच होता आणि चालू होता. मी ओरडलो. काय ओरडलो ते आठवतं: "ह्या भायल्यान मारलो माझ्या पोराक! रोज मागे घेय, आज मुद्दाम घेवक नाय!" बाहेरच्याने मारलं, हे सगळ्या खड्ड्यात घुमलं. वरून आपली माणसं धावत आली. केरबा केबिनमधून उतरून एका बाईला दगडाखालून ओढत होता. त्याला तिथूनच ओढला. टॉमीने, चाक खोलायच्या लोखंडी दांड्याने, मारला. गुडघ्यावर, पाठीवर, मग डोक्यावर. तो हात वर करून काहीतरी सांगत होता. कुणी ऐकलं नाही. मीही ऐकलं नाही.

माझ्या एका हाकेने माणसं धावतात. तो आवाज अजून आहे. काल ह्याचं मला बरं वाटलं होतं, आणि आज ते इथे लिहितो आहे, कारण ह्या वहीत खोटं लिहायचं नाही असं मी ठरवलेलं आहे.

मंगळवार, १६ डिसेंबर

काल स्मशानात बोललो. बोलायचं नाही असं ठरवून गेलो होतो. लोक बघत होते. रुद्रेश हा ट्रकवाल्यांच्या मानासाठी गेला, असं म्हणालो. भरलेल्या गाडीची वाट अडवणाऱ्याला शासन झालंच पाहिजे म्हणालो. नऊतले उरलेले सात जण समोर होते. सगळ्यांनी मान हलवली. पोलिसांना जबाब देताना सगळ्यांनी एकच सांगितलं: केरबाने मुद्दाम गाडी घातली.

केरबा इस्पितळात आहे. दाराशी पोलीस. डाव्या पायात नऊ तुकडे, एका डोळ्याचं सांगता येत नाही. दोन जीव घेतल्याचा गुन्हा त्याच्यावर. शुद्धीत आला की तुरुंग.

घरी आल्यावर बहीण म्हणाली, "शिवा, रुद्रेश घरात सांगायचो, मामान शिकवलां थांबूचा नाय म्हणान." एवढं बोलून आत गेली.

गुरुवार, १८ डिसेंबर

गंगा माझ्याशी बोलत नाही. पाववाला पदेर उंडे देऊन गेला, ते पाव तसेच पिशवीत आहेत.

शुक्रवार, १९ डिसेंबर

दुपारी हौसा आली. ओसरीवरच उभी राहिली. गंगाने पाणी दिलं, ते घेतलं. मला वाटलं शिव्या घालेल, पाया पडेल. दोन्हीसाठी मी तयार होतो.

तिने फोन पुढे केला. "ह्यांच्या गाडीतल्या एका पोरीनं काढलंय. कँटीनच्या नंबरावर पाठवलं. तुमी मोठं ऐकनारं. एकदा ऐका."

केरबाच्या हौद्यातून घेतलेला व्हिडिओ. समोर रिकामं वळण. पोरी हसताहेत. वरून माझा आवाज येतो, माईकमुळे खणखणीत. "थांबू नको, रुद्रेश! भरल्याक वाट! बघूया पाहुण्याचो दम!" हे मी बोललो होतो. सोमवारच्या पानावर मी हे लिहिलेलं नाही. पान उघडून पाहिलं. नाही.

मग दोन हॉर्न, दोन हॉर्न. आणि मग ती शिट्टी. पीं. पीं. पीं.

मी हौसाकडे पाहिलं. ती म्हणाली, "परत लावा."

परत लावलं. आमची गाडी वळणावर दिसायच्या आधी शिट्टी सुरू होते. चित्रातला कडा पुढे सरकतो, म्हणजे गाडी मागे जाते आहे. एक पोरगी म्हणते, "काय यार, हा परत मागे घेतोय." सगळ्या ओरडतात, "डरपोक! डरपोक!" गाडी मागेच जात राहते. मग आम्ही वरून कोसळतो, हौदा वर, आणि मला माझंच तोंड दिसतं. ते हसतं आहे.

केरबाने मागे घेतली होती. सगळ्यांसमोर नाही म्हणाला होता, मी हात मिळवला होता, माझ्या थपडेचा व्रण त्याच्या ओठावर अजून होता, गाडीभर माणसं त्याला डरपोक म्हणत होती, आणि तरी त्याने मागे घेतली. आम्ही पुरते आदळलो नाही त्याच्यावर, नुसता बंपर घासला. निम्मं अंतर त्याने आधीच सोडलं होतं. तेवढं सोडलं नसतं तर दोन्ही गाड्या पाण्यात असत्या. टॉमी खाताना तो हात वर करून काय सांगत होता, ते आता कळलं.

मी एवढंच विचारलं, "हे तू पोलिसांना का नाही दिलंस?"

"देनारच हाय. पर सात जणांचा जबाब एक आणि ह्यो एक फोन. त्ये म्हनतील, बायको हाय." मग म्हणाली, "तुमचा आवाज लोकं मानत्यात."

ती गेली. गंगा इतक्या दिवसांनी बोलली. "आता बोला. तेव्हां बोललात तसा."

शनिवार, २० डिसेंबर

डिचोलीच्या ट्रकवाल्यांनो, आता तुमच्याशीच बोलतो. हे पान मी फाडणार आहे आणि आज दुपारी शेडमध्ये तुम्हा सातही जणांना वाचून दाखवणार आहे, माईकशिवाय.

आपलं दुखणं मी पहिल्या पानावर लिहिलं होतं. आपल्याला कुणी विचारलं नाही, आपलं कुणी ऐकलं नाही. खरं आहे. आणि आपण काय केलं? आपल्यातल्याच एकाने, ज्याने आपल्यासारखीच लाल माती खाल्ली, साधा प्रश्न विचारला: दोन्ही भरलेल्या असल्या तर? मी त्याला उत्तर दिलं नाही. मी त्याला थप्पड दिली. ज्या चार मिनिटांत माझं भाषण तुटत होतं, ती चार मिनिटं मला नको होती. त्यासाठी मी आपल्या खाणीचा कायदा वापरला. मानाचं वगैरे सगळं मागाहून आलं. रुद्रेशला मी मारलं. त्या बाईंना मी मारलं. केरबाचा पाय तुमच्या हातांनी मोडला, पण टॉमी माझ्या आवाजाने उचलली गेली.

तुम्ही खोटं बोललात ते माझ्यावरच्या प्रेमापोटी. रुद्रेशवरच्या प्रेमापोटी. मला ते प्रेम नको. मेलेला पोर त्याने परत येत नाही आणि जिवंत माणूस तुरुंगात जातो.

सोमवारी सकाळी दहा वाजता पोलीस ठाण्यावर या. घोषणा नको, नारळ नको, माझ्यामागे रांग नको. एकेकट्याने आत जा, आधीचा जबाब बदला, आणि सांगा: एकवीस नोव्हेंबरला शेडमध्ये शिवदासने आम्हाला गाडी थांबवू नका असं सांगितलं, आणि चौदा डिसेंबरला केरबा गाडी मागे घेत होता. व्हिडिओतली शिट्टी ऐकून मगच सही करा.

मी साडेनऊलाच आत गेलेला असेन. बाहेर माझी वाट बघू नका. आत या आणि माझं नाव सांगा.